इंग्रजीच्या तासाची पाहुणी

"नो," माझी नात म्हणाली. "शी इज नॉट माय ग्रँडमदर."

मी तिच्यापासून दोन हातांवर खुर्चीत बसले होते. वर्गाच्या मधोमध मुद्दाम ठेवलेली खुर्ची. समोर अर्ध्या गोलात पोरंपोरी, तेरा-चौदा वर्षांची, कुणी जपानचं, कुणी ब्राझीलचं, कुणी पोलंडचं. जवळजवळ सगळ्यांच्या हातात मी केलेला बेसनाचा लाडू. प्रश्न पोलंडच्या मुलाने विचारला होता, तोंडात घास घेऊनच. ही तुझी आजी आहे का, एवढाच प्रश्न. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, तीही मराठीत. पण ग्रँडमदर म्हणजे कोण आणि नो म्हणजे काय हे मला कळत होतं. सायलीनेच शिकवलं होतं.

ती माझ्याकडे न बघता बोलली. मान ताठ, आवाज मोठा. सहा-सात महिने त्या वर्गात जिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, तिचं पहिलं खणखणीत वाक्य हे. मिस खूश होऊन खुर्चीत पुढे सरकल्या. मी काही बोलू शकत नव्हते. पाहुण्याने गप्प बसायचं, असा त्या खेळाचा नियम होता. मी गप्प बसले.

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या लोकांनी सांगितलं, आजी, तुम्ही देश सोडून आलात त्याबद्दल अंकासाठी लिहा. त्यांना विमानतळ हवा असणार, आणि डोळ्यांतलं पाणी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. मुंबईच्या विमानतळावर मला फक्त बाथरूमला जायचं होतं आणि सायलीला ओकारी येत होती. निरोप म्हणावा तो कऱ्हाडातच झाला. शनिवार पेठेतल्या माझ्या दोन खोल्या श्रीकांतने, म्हणजे माझ्या मुलाने, आधीच विकल्या होत्या. पितळेचे डबे मी शेजारच्या सुमनला दिले. पोळपाट-लाटणं मात्र बॅगेत घातलं. सुमन म्हणाली, "काकू, मडमीण होऊन परत या." मी म्हटलं, "मडमीण कसली? तिथेही पोळ्याच लाटायच्या आहेत." रिक्षा निघाली तेव्हा दारात चार बायका उभ्या होत्या. सायली मागे वळून हात हलवत राहिली. मी वळले नाही. मान दुखत होती.

सायली सहा वर्षांची असल्यापासून माझ्याजवळ होती. श्रीकांत आणि माझी सून मेधा, दोघंही कॉम्प्युटरमधली. आज अमेरिका, उद्या जर्मनी. पोरीची शाळा किती वेळा बदलणार, म्हणून ती माझ्याकडे राहिली. मराठी शाळेत घातली ती श्रीकांतच्या सांगण्यावरून. पाया मातृभाषेत पक्का होतो, असं तो तेव्हा फोनवर सांगायचा. मी तिची वेणी घातली, डबा केला, गोवरात रात्री जागवल्या. मी उपकार केले नाहीत, पण केलं ते केलं.

मग त्यांचं हॉलंडात बस्तान बसलं. आइंडहोवनमध्ये नोकरी, जवळच न्यूनेन नावाच्या गावात घर. विधवा आई, वय पासष्टीच्या पुढे, मुलगा एकुलता एक आणि तो इथे. अशा आईला इथलं सरकार राहू देतं. म्हणून २००५ साली आम्ही दोघी एकदमच आलो. सायली तेराची, मी अडुसष्टची.

न्यूनेनबद्दल काय लिहू? विटांची घरं, विटांचे रस्ते, आणि रस्त्यावर माणूस नाही. घरांना ही मोठी काच आणि तिला पडदा नाही. समोरची बाई जेवताना दिसते, तिचा नवरा पेपर वाचताना दिसतो, पण ओळख म्हणाल तर हात वर करण्यापुरती. एकदा तिने मला कॉफीला बोलावलं. कॉफीबरोबर बिस्किटांचा डबा पुढे केला, मी एक घेतलं, आणि तिने झाकण लावून डबा कपाटात ठेवला. मला हसू आलं आणि रागही आला. माझी आई म्हणायची, "आधी पाहुण्याच्या पानात वाढ, मग आपलं बूड टेकव." मी आयुष्यभर तसंच केलं. ते चुकीचं आहे असं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

सायलीला इंग्रजीतून शिकवणाऱ्या शाळेत घातलं. तिथे इंग्रजी न येणाऱ्या मोठ्या मुलांसाठी वेगळा वर्ग होता. शाळेचं नाव लिहीत नाही. त्या वर्गात पुस्तक कमी आणि खेळ जास्त. मिस चेंडू फेकायच्या, ज्याने झेलला त्याने एक वाक्य बोलायचं. पहिल्या दिवशी चेंडू सायलीकडे आला. ती उठून उभी राहिली, मिसपाशी गेली, आणि दोन्ही हातांनी चेंडू परत देऊन आली. तिला वाटलं, बाईंची वस्तू आहे. वर्ग हसला. त्या दिवसापासून पोरीने तोंड मिटलं ते मिटलंच. लिहायची चांगलं. व्याकरण पाठ होतं. पण बोलायचं म्हटलं की भिंतीला पाठ लावून उभी.

श्रीकांतला ते खेळ अजिबात पटत नव्हते. "चेंडू खेळायला घातली का शाळेत?" असं तो मेधाला विचारायचा, जसं काही चेंडू मेधाच फेकत होती. मला म्हणाला, "आई, मराठी शाळेचा हा परिणाम." मी म्हटलं, "मग घातलीस कशाला?" त्यावर तो कॉम्प्युटर उघडून बसला.

नाताळच्या सुट्टीआधी मिसने दोघांना बोलावून सांगितलं की मुलगी हुशार आहे, पण उन्हाळ्यापर्यंत वर्गात बोलायला लागली नाही तर तिला तिच्या वयाच्या मुलांबरोबर बसवता येणार नाही, दोन वर्षं खाली बसवावं लागेल. घरी आल्यावर श्रीकांत स्वयंपाकघरात बोलला, चांगला मोठ्याने. "दोन वर्षं फुकट घालवण्यापेक्षा पाचगणीला हॉस्टेलला टाकू. बारावी करून येईल." मेधा म्हणाली, "हळू बोल." सायली जिन्यात बसली होती. तिने सगळं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आली, ओलं जॅकेट टांगलं आणि मला म्हणाली, "आज्जी, आपण इंग्लिश खेळायचं?"

"मला कुठे येतं?"

"म्हणूनच. माझं चुकलं तरी तुला कळणार नाही."

तेव्हापासून रोज चार वाजता आमचा वर्ग भरू लागला. श्रीकांत-मेधा सातला यायचे, तोवर घर आमचं. शाळेतले सगळे खेळ आम्ही खेळलो. चेंडूच्या जागी मोज्यांचा गोळा. एक खेळ असा होता की चिठ्ठी लांब भिंतीवर चिकटवायची, एकाने धावत जाऊन वाचायची, परत येऊन तोंडी सांगायची आणि दुसऱ्याने लिहून घ्यायची. चिठ्ठी वरच्या बाथरूमच्या दाराला लागायची, सायली जिना चढून-उतरून धापा टाकत सांगायची आणि मी मराठी अक्षरांत उतरून घ्यायची. द कॅट इज अंडर द टेबल. मांजर कुठे आहे हे मला शेवटपर्यंत कळायचं नाही, पण लिहिलेलं बरोबर असायचं. एका खेळात ती पाठमोरी बसून चित्राचं वर्णन करायची आणि मी काढायची. माझ्या घोड्याला बघून ती जमिनीवर लोळली. "आज्जी, धिस इज अ टेबल विथ टेल!" तिने घरभर पिवळे कागद चिकटवले, नळाला, दाराला, फ्रिजला, आणि माझ्या खांद्यालाही. त्या कागदावर ग्रँडमदर लिहिलं होतं. तो लावूनच मी भाजी आणायला गेले. सुपरमार्केटमधल्या मुलीने वाचला आणि हसली.

खोटं बोलायचाही एक खेळ होता. तीन गोष्टी सांगायच्या, दोन खऱ्या, एक खोटी. खोटी कोणती ते समोरच्याने ओळखायचं. मी मराठीत सांगायची, ती इंग्रजी करायची. एकदा मी सांगितलं, मला नदीत पोहता येतं, मी लोकांच्या घरी पोळ्या लाटल्या, मी एकदा दिल्ली बघितली.

"पोळ्या खोटं," सायली लगेच म्हणाली.

"दिल्ली खोटं. मी पुण्यापलीकडे गेले नव्हते."

ती माझ्याकडे बघत राहिली. "पण बाबा सांगतात तू बालवाडीत टीचर होतीस."

श्रीकांत तसं सांगायचा, हे खरं. आल्यावर पहिल्याच गणपतीला, मंडळाच्या रायस्वाइक गावातल्या हॉलमध्ये, मी शेजारी उभी असताना त्याने कुणाला तरी सांगितलं, "आई बालवाडी चालवायची." गाडीत मी विचारलं तेव्हा म्हणाला, "जाऊ दे ना आई. इथे कशाला जुनं काढायचं?" जुनं म्हणजे काय ते लिहिते. माझे यजमान डॉक्टरकडे कंपाउंडर होते. श्रीकांत नववीत असताना ते गेले. मी चार घरच्या पोळ्या धरल्या. सकाळी दोन घरं, संध्याकाळी दोन. तो इंजिनिअर झाला तोवर मी लाटत होते. मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. त्याला वाटत होता, हे मला रायस्वाइकला कळलं.

हे सगळं मी सायलीला सांगितलं. म्हटलं, "बालवाडीचं तुझ्या बापाला विचार." तिने विचारलं नाही. पण त्या संध्याकाळी तिने पोळ्यांवर इंग्रजीत एवढं बोलून दाखवलं की मी ऐकत बसले. इन फोर हाऊसेस, फोर हाऊसेस, असं चाललं होतं.

घरी ती फडाफडा बोलायला लागली आणि वर्गात मात्र तशीच गप्प. उन्हाळा जवळ येत होता. श्रीकांतने पाचगणीच्या शाळेला फोनही करून ठेवला. मग वर्गात नवा खेळ सुरू झाला. दर आठवड्याला एका मुलाने एक पाहुणा आणायचा. पाहुणा गप्प बसणार. बाकीच्यांनी हो-नाहीचे प्रश्न विचारायचे आणि पाहुणा कोण ते ओळखायचं. उत्तरं आणणाऱ्याने द्यायची, त्यातलं एक उत्तर मुद्दाम खोटं द्यायचं. शेवटी पाहुणा कोण आणि खोटं उत्तर कोणतं, ते खरं सांगून टाकायचं. ब्राझीलच्या मुलीने तिची मावशी आणली, जपानच्या मुलाने शेजारचा आग विझवणारा आणला.

सायलीची पाळी आली तेव्हा श्रीकांतला मीटिंग, मेधाला मीटिंग. सायली म्हणाली, "आज्जी, तूच चल."

"मी? तिथे?"

"तुला सगळे गेम येतात. यू आर माय बेस्ट स्टुडंट."

म्हणजे बोलावलं तिनेच. हे मी मुद्दाम लिहिते. मी मागे लागले नव्हते.

आदल्या दिवशी मी बेसन भाजलं आणि लाडू वळले. मेधा म्हणाली, "आई, इतके? एकेक पुरे होतो इथे." मी म्हटलं, "एकेक ती समोरची बाई देते." सकाळी इरकली नेसले, वरून श्रीकांतचं जुनं जॅकेट, पायांत मोजे आणि बूट. सायलीने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. बसने गेलो. बसमध्ये ती शेजारी बसली होती. शाळेच्या फाटकातून आत जाताना ती चार पावलं पुढे चालत होती.

वर्गात गेल्यावर मिसने मला खुर्ची दाखवली. पण हातात डबा असताना मी खुर्चीत कशी बसणार? समोर एवढी मुलं. मी कागदाच्या ताटल्या मांडल्या आणि एकेकाला वाढत गेले. कुणी नको म्हटलं तर अजून एक. जपानच्या मुलाने वाकून नमस्कार केला, त्याला दोन वाढले. मिस म्हणत होत्या, सिट, प्लीज सिट. मी हाताने थांबा केलं. एका टेबलावर चुरा सांडला, पिशवीत फडकं होतं, मी ते टेबल पुसून घेतलं. रिकाम्या ताटल्या गोळा केल्या. मागच्या दोन मुली एकमेकींच्या कानात काही बोलल्या आणि त्यातल्या एकीने सायलीला काही विचारलं. सायलीचे कान लाल झाले. मला वाटलं, खेळाची धास्ती.

सगळं आवरून मी बसले. खेळ सुरू झाला आणि पहिलाच प्रश्न पोलंडच्या मुलाचा. त्याचं उत्तर वर लिहिलंच आहे.

त्या क्षणी मला वाईट वाटलं नाही, हे खरं सांगते. धक्का बसला, मग मी मनात म्हटलं, पोरगी हुशार आहे. एक खोटं चालतं, ते तिने पहिल्याच प्रश्नाला वापरलं. आता बसा शोधत. मला तर थोडा अभिमानच वाटला.

ब्राझीलच्या मुलीने विचारलं, ही तुझ्या घरी राहते का? "येस." स्वयंपाक करते का? "येस." मग मागच्या मुलीने विचारलं, स्वयंपाक हेच तिचं काम आहे का, जॉब? सायलीचं हो-नाहीवर भागलं असतं. पण ती बोलत सुटली. "येस. इन इंडिया शी मेड चपाती इन फोर हाऊसेस. मॉर्निंग टू हाऊसेस, इव्हनिंग टू हाऊसेस." अडखळली नाही, एक शब्द चुकली नाही. मिसने दोन्ही अंगठे वर केले. माझी चार घरं त्या वर्गात पोचली, आणि ती ज्याने लपवली त्याच्या मुलीच्या तोंडून.

"शी इज युवर कुक!" पोलंडचा मुलगा ओरडला. "युवर मेड!" मागून कुणी म्हणालं. टाळ्या वाजल्या.

मिस म्हणाल्या, आता खरं सांग. बरोबर आहे का? आणि खोटं उत्तर कोणतं होतं?

मी सावरून बसले. पदर नीट केला. आता ती माझं नाव घेणार, मुलं ओ करणार, मी नमस्कार करायचा, असं मी मनात ठरवलेलं होतं.

सायली म्हणाली, "येस. दे आर राइट." मग म्हणाली, "ही घरी राहते, हे उत्तर खोटं होतं. शी डझ नॉट लिव्ह विथ अस. संध्याकाळी काम झालं की ती तिच्या घरी जाते." हे शेवटचंही ती इंग्रजीतच बोलली. इव्हनिंग, वर्क, गो, होम. चारही शब्द माझ्या ओळखीचे होते.

पुन्हा टाळ्या झाल्या. मिसने माझा हात हातात घेऊन थँक यू म्हटलं आणि लाडवांचा रिकामा डबा माझ्या हातात दिला. मुलं पुढच्या तासाला गेली. सायलीला अजून दोन तास होते, म्हणून मी फाटकासमोरच्या थांब्यावर बसून राहिले. एकटीने बस बदलायला मला तेव्हा जमत नव्हतं. ती आली, शेजारी बसली, आणि निम्म्या वाटेत खिडकीकडे बघत म्हणाली, "थँक यू फॉर कमिंग." मराठीत नाही म्हणाली. परक्या माणसाला म्हणतात तसं म्हणाली.

मी घरी कुणाला काही सांगितलं नाही. सायलीनेही नाही. त्या दिवसानंतर म्हणे तिने वर्गात मागे वळून बघितलंच नाही. हात वर करायची, वाद घालायची, मागच्या त्या दोन मुलींबरोबर जेवायला बसायची. चार वाजताचा आमचा वर्ग बंद पडला. तिला आता होमवर्क असायचा.

उन्हाळ्याच्या तोंडावर मिसने श्रीकांत-मेधाला पुन्हा बोलावलं. परत आले तेव्हा श्रीकांत पेढे शोधत होता. सायली तिच्या वयाच्या वर्गात बसणार, पाचगणी रद्द. "बघ आई," तो म्हणाला, "मी म्हणत होतो ना, ग्रामरचा पाया पक्का होता." तो वर गेल्यावर मेधा ओट्यापाशी आली.

"आई, एक विचारू? तुम्ही शाळेत गेला होतात त्या दिवशी काय झालं?"

"का?"

"मिस म्हणाल्या, तुमची स्वयंपाकीण आली त्या दिवसापासून सायली बोलायला लागली. फार गोड बाई आहे म्हणाल्या. लाडू अजून आठवतात म्हणाल्या."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

मेधाने खाली बघितलं. "मी सांगणार होते. श्रीकांतने टेबलाखालून माझा हात दाबला. कागदावर सही व्हायची होती, आई. पोरीचं वर्ष होतं."

"तो काय म्हणाला?"

"थँक यू म्हणाला. आम्ही तिला सांगू, म्हणाला."

मी कणीक मळत होते, मळत राहिले. मेधा रडायला लागली. मला तिचं रडणं तेव्हा नको होतं, म्हणून मी तिला कोथिंबीर निवडायला दिली.

मला राग कशाचा आला ते नीट सांगते. बापाने माझं काम लपवलं, पण नातं तरी ठेवलं. लेकीने काम सांगितलं आणि नातं पुसलं. आणि त्या दिवशी बापाने तेही जाऊ दिलं. दोघांनाही आपापल्या जागी त्याचा फायदा झाला. मी लटकं बोलत नाही, पाचगणी टळली याचा मलाही आनंद झाला होता. दोन्ही एकाच वेळी होतं.

दुसऱ्या दिवशी सायली आली. मी दूध पुढे ठेवलं आणि विचारलं.

"खेळात किती खोटं चालतं?"

तिला लगेच कळलं. "एक."

"तू किती बोललीस?"

"आज्जी, गेम होता तो."

"टाळ्या झाल्यावर खेळ संपला होता."

तिने कप बाजूला सरकवला. "तू टेबल का पुसलंस? मिस सांगत होत्या ना, बसा. तू सगळ्यांच्या ताटल्या उचलत होतीस. त्या मागच्या मुली मला विचारत होत्या, इज शी युवर मेड? मी काय सांगणार होते?"

"आजी आहे, म्हणून सांगायचं."

"मग हसले असते सगळे."

"हसू दे की."

"तुला काय जातंय? तुला त्या वर्गात बसायचं नाहीये. मी एकदा हसं करून घेतलंय." मग ती इंग्रजीत भरभर काही बोलली, ते मला कळलं नाही, आणि वर निघून गेली. दार आपटलं नाही. हळू लावलं.

ती म्हणाली त्यात तथ्य होतं. त्या वर्गात मला बसायचं नव्हतं. पण टेबल पुसण्यात मी काही चूक केली असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. आलेल्याला वाढणं आणि सांडलेलं पुसणं हे आमच्या घरात मालकिणीचं काम होतं.

कऱ्हाडहून सुमनचा फोन येतो. विचारते, काकू, करमतं का, घर आठवतं का? नवीन आलेल्या मुलीही मंडळात विचारतात, आजी, तुम्हाला घर म्हणजे काय वाटतं, कऱ्हाड की हे? त्यांना काहीतरी छान ऐकायचं असतं. कऱ्हाडच्या खोल्यांत आता मोबाइलचं दुकान आहे. तिथे मला कुणी थांब म्हणणार नाही. इथे माझी वरची खोली आहे, खेमेंतेच्या म्हणजे नगरपालिकेच्या दप्तरात माझं नाव आहे, हाउसआर्ट्स म्हणजे घरचा डॉक्टर मला नावाने हाक मारतो. माझं काम संपलं की संध्याकाळी मी कुठेही जात नाही. जायला दुसरं काही नाही, म्हणून हे घर. याहून जास्त मला त्यात दिसत नाही. जे पुढे येणार आहेत त्यांना एवढंच सांगते, गावाकडच्या खोल्या विकू नका.

सायली आता सतराची होईल. पुढच्या वर्षी युट्रेख्टला शिकायला जायचं म्हणते. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आमचं चालतं. माझ्या गुडघ्याला तेल लावून देते, औषधं आणते. त्या दिवसाबद्दल ती पुन्हा बोलली नाही. मीही विचारलं नाही.

परवाच्या कोजागरीला मंडळात तिने इंग्रजीत भाषण केलं. लोक श्रीकांतला विचारत होते, मराठी शाळेतली मुलगी इतकी कशी तयार झाली? श्रीकांतने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "आई बालवाडीत होती ना, शिकवायची हातोटी आहे तिला." सायली बाजूलाच उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, बापाकडे बघितलं, आणि दुधाचा पेला घेऊन मैत्रिणींकडे गेली.

मंडळाचा अंक सगळ्यांच्या घरी जातो. म्हणून इथे लिहून ठेवते. मी कधी बालवाडीत नव्हते. मी कऱ्हाडात चार घरी पोळ्या लाटल्या. आणि त्या वर्गात खुर्चीवर बसली होती ती सायलीची आजी होती.